'उद्या या'चा इतिहास

इतिहास म्हंजे लढाया, तह आणि सनावळ्या, असं आपल्याला शाळेत शिकवलं. कुलपाचा इतिहास कुणी शिकवला नाही. खोली रिकामी आहे, भाडं ठरलंय, पैसे मोजून दिलेत, आणि दाराचं कुलूप तसंच आहे. त्या कुलपापुढं जी माणसं उभी राहिली त्यांच्या सनावळ्या कुठल्या बखरीत आहेत?

मी इतिहासाचा मास्तर नाही. सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो. शाळा दहावीला सुटली. पुढं जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं, कानात साच्यांचा आवाज घेऊन वाचलं. तरी हा इतिहास लिहायला बसलोय. कारण तो माझ्या अंगावरनं गेलाय, माझ्या आज्याच्या अंगावरनं गेलाय. आणि आमच्या दोघांच्याही आधी तो बाबासाहेबांच्या अंगावरनं गेलाय.

आधी माझं सांगतो, लहान आहे म्हणून.

गिरणीपासून जवळच एक खोली भाड्यानं द्यायची होती. पत्र्याची, पण नळ दारात. मालकानं प्रेमानं चहा पाजला. "कामगार माणूस हायेस, रोजची पाळी, तुला जवळच बरं." अनामत घेतली. एक तारखेला चावी देतो म्हणाला. मग करारासाठी आधारकार्डाची झेरॉक्स मागितली. झेरॉक्सवर आडनाव असतं. एक तारखेला गेलो तर म्हणाला, आधीच्या भाडेकरूचं सामान निघायचंय, चार दिवसांनी ये. चार दिवसांनी रंग द्यायचा होता. रंगानंतर अमावस्या होती. अमावस्येनंतर पुण्याचा मुलगा यायचा होता, कारण चावी आता मुलाकडं होती. असे सव्वीस दिवस गेले. तोवर मी दोस्तांच्या खोलीत, सहा जणांत दोन गाद्या, दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला आडवा. सत्ताविसाव्या दिवशी मालकानं अनामत परत दिली, पैसा न् पैसा. वर म्हणाला, "तुला लई थांबावं लागलं बाबा, वाईट वाटतं. दुसरीकडं बघ." दोन दिवसांनी त्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं. रंग दिलेलाच नव्हता.

मित्रांनो, या माणसानं मला एकदाही 'नाही' म्हटलं नाही. जात विचारली नाही. शिवी दिली नाही. चहा पाजला. मग मी तक्रार कशाची करू? चौकीत जाऊन काय लिहून देऊ? 'मला उद्या या म्हणाले', हा काय गुन्हा आहे?

या प्रश्नानं मला मागं नेलं. शंभराहून जास्त वर्षं मागं.

*

१९१७ साल. बडोदा.

कोलंबिया विद्यापीठात शिकलेला, लंडनहून आलेला तरुण बडोदा स्टेशनवर उतरतो. त्याच्या शिक्षणाला बडोदा संस्थानानं पैसा दिलेला, म्हणून करारानं संस्थानची चाकरी करायला आलाय. नोकरी आहे, पगार आहे. डोकं टेकायला जागा नाही. हिंदूंच्या खानावळी-विश्रामगृहांत जायचं तर जात लपवावी लागणार, आणि लपवलेली जात उघडी पडली तर काय होईल ते त्याला ठाऊक. शेवटी कॅम्पातली एक पारशी धर्मशाळा कळते. तिथला रखवालदार बघतो तर याच्या अंगात पारशाचा सदरा नाही, कमरेला कस्ती नाही. पण धर्मशाळेत दुसरं गिऱ्हाईकही नाही. दिवसाला दीड रुपया, आणि वहीत नाव पारशाचं, या बोलीवर जागा मिळते. एवढीशी खोली, तिला लागून न्हाणी, आणि बाकी सगळा मोडक्या बाकांचा, फळ्यांचा अंधारा दिवाणखाना. वीज नाही. वटवाघळं फिरतात. बहिणीचा मुलगा उरलेलं सामान घेऊन आला तो मामाची ही अवस्था बघून मोठ्यानं रडला. बाबासाहेबांनी त्याला परत पाठवून दिलं.

हे सगळं त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवलंय. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते छापलं. पुढची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे : अकराव्या दिवशी सकाळी जेवून, ग्रंथालयाची पुस्तकं हातात घेऊन ते कचेरीला निघणार, तोच डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन जिन्यावर चढले. आठवडाभराची मुदत मागितली. त्यांनी संध्याकाळपर्यंतची दिली.

सभांमधनं आपण काठ्यांची गोष्ट ऐकतो. त्याच लिखाणात आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी सांगत नाही. बाबासाहेबांनी धर्मशाळेत राहत असतानाच संस्थानाकडं सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता. त्या अर्जाला कुणी 'नाही' म्हटलं नाही. दिवाणसाहेबांना त्यात घाई करण्यासारखं काही वाटलं नाही, एवढंच. अर्ज या अंमलदाराकडनं त्या अंमलदाराकडं फिरत राहिला. शेवटचं उत्तर येण्याआधी अकरावा दिवस आला.

नीट बघा. एकीकडं काठी, दुसरीकडं कागद. काठीवाले अडाणी वाटतात, कागदवाले सभ्य वाटतात. पण कागद दहाव्या दिवशी हलला असता तर अकराव्या दिवशीच्या काठ्या रिकाम्या खोलीवर आल्या असत्या. काठीचं काम सोपं केलं ते उशिरानं.

आणि अजून संपलं नाही. त्या दिवशी ते दोन ओळखीच्या माणसांकडं गेले. एक हिंदू मित्र. त्यानं सरळ सांगितलं, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. निदान सरळ तरी सांगितलं. दुसरा ख्रिस्ती मित्र, मूळचा ब्राह्मण घराण्यातला. तो म्हणाला, बायको उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो. उद्या! बाबासाहेबांना त्या 'उद्या'चा अर्थ कळला. रात्री नऊची मुंबईची गाडी होती. मधले पाच तास ते कामाठी बागेत बसून राहिले.

बडोद्यातली ती बाग आपल्या इतिहासाची जागा आहे. तिथं तोफ झाली नाही, तह झाला नाही. तिथं एक माणूस गाडीची वाट बघत बसला. ज्या शहरात त्याची नोकरी होती, त्या शहरात त्याला भाड्याची खोली नव्हती. 'नाही', 'उद्या' आणि 'बघतो', ही तीन उत्तरं त्या माणसानं थोड्याच दिवसांत ऐकली. तिघांचा हिशेब एकच झाला.

*

आता मुंबईत येऊ. कारण बडोद्याहून सुटलेली ती गाडीही मुंबईलाच आली, आणि माझा आजाही पुढं मुंबईलाच आला.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ साली सरकारनं शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. ट्रस्टनं गरिबांच्या वस्त्या पाडल्या आणि मागनं चाळी बांधल्या. आधी पाडणं, मग बांधणं. मधल्या काळात माणसानं कुठं राहायचं याचं उत्तर नकाशात नव्हतं. त्याच ट्रस्टची परळची चाळ, आपण जिला बी. आय. टी. चाळ म्हणतो. तिथं ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत बाबासाहेबांचं कुटुंब वर्षानुवर्षं राहिलं. महाडला जाणारे बाबासाहेब, गोलमेज परिषदेला जाणारे बाबासाहेब याच चाळीतनं निघाले. १९३०नंतर दादरला 'राजगृह' बांधून झालं तेव्हा चाळ सुटली.

मग आल्या बी. डी. डी. चाळी. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या अमदानीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या ठरल्या. पैशासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागं एक रुपया कर बसवला. म्हंजे आपल्याच हाताखालनं जाणाऱ्या कापसावर. शेवटी झाल्या २०७ चाळी : वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी. तळमजला धरून चार मजले, मजल्याला वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला.

आणि आता गंमत बघा. शहरात माणसं जिन्याखाली झोपतायत, एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं राहतायत, आणि वरळीच्या नव्या चाळींत खोल्या रिकाम्या! कारण गिरण्या लांब, रस्ते नाहीत, सोयी नाहीत, भाडं कामगाराला न पेलणारं. बांधून तयार, कुलूप लावून तयार. माणूस मात्र बाहेर. पुढं सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सरकारनं वरळीच्या यातल्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. भाडेकरूला उघडायला जमलं नाही ते दार कैद्याला लगेच उघडलं.

मग हळूहळू चाळी भरल्या. कोकणातनं, घाटावरनं माणसं आली. आपलीही आली. गिरणीत जात होती तशी चाळीतही जात होती. गिरणीत साचाखात्यात, जिथं पगार बरा, तिथं अस्पृश्याला घेत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा असतो. बाबासाहेबांनी १९२८च्या संपाच्या वेळी हा प्रश्न मांडला. आणि चाळीत? ही चाळ आपल्यांची, ती चाळ त्यांची, हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं. पण नव्यानं आलेल्या पोरालाही पहिल्याच दिवशी कळायचं.

*

माझा आजा साठच्या दशकात गिरणीला लागला. आधी बदलीवर, मग कायम झाला. गावाकडच्या पंधरा माणसांच्या गाळ्यात पथारी टाकायचा. आजीला आणायचं तर खोली पाहिजे. लालबागच्या बाजूला एका खाजगी चाळीत खोली रिकामी झाली, असं त्याला कुणीतरी सांगितलं. गेला. खोली बघितली. भाडं विचारलं तर अगदी किरकोळ.

इथं कायदा समजून घ्या. १९४७ साली मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४०ला जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं धरलं गेलं. कामगाराला त्यानं मोठा आधार दिला, हे मान्य करायलाच पाहिजे. तो कायदा नसता तर आपली माणसं केव्हाच उपनगराच्या पलीकडं फेकली गेली असती. पण मालकानं त्याला दुसरी वाट काढली. वाटेचं नाव पागडी. भाडं वहीत, पागडी हातात. भाड्याची पावती, पागडीची पावती नाही. कायद्यानं तसं पैसे घेणं हा गुन्हा होता, आणि तो गुन्हा मुंबईत भर दिवसा, पेढे वाटून होत होता. पुढं १९९९च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानं, जो ३१ मार्च २०००पासून लागू झाला, या पागडीला रीतसर मान्यताच दिली.

पागडीच्या धंद्यात उशीर हेच हत्यार. खोली रिकामी झाली की मालकानं ती लगेच द्यायची नाही. कुलूप लावायचं. गरजवंताला आठवडा, महिना, दोन महिने फिरवायचं. जितके हेलपाटे तितकी गरज वाढते, जितकी गरज तितकी रक्कम. माझ्या आज्यानं चार महिने हेलपाटे घातले. गिरणीतल्या सोसायटीचं कर्ज काढलं, आजीची बोरमाळ मोडली, रक्कम जमवली. मेहता म्हणाला, शेठ बाहेरगावी गेलेत. शेठ आले तर म्हणाले, चाळीतली मंडळी विचारतायत, नवा माणूस कुठला, कुणाकडचा? विचारून सांगतो. उद्या या.

आजा पुन्हा गेला नाही. बी. डी. डी. चाळीत एका भावकीतल्या माणसानं पडदा लावून अर्धी खोली दिली. म्हंजे ८० चौरस फूट. तिथं माझा बाप जन्मला. १८ जानेवारी १९८२ला संप झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात आजाही होता. पुन्हा आत गेला नाही. पडदा काढला, पेटी उचलली आणि गावाला आला. मरेपर्यंत एकच सांगायचा : "मुंबईनं मला काम दिलं, कुलूप न्हाई उघडलं."

*

कुणी म्हणेल, ही जुनी रड आहे. आता कायदा आहे. बरोबर, कायदा आहे. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हे कायदा झाला, १९७६ साली तो कडक करून त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा केलं. कुठल्याही वस्तीत राहायची जागा घेण्यापासून अस्पृश्यतेच्या कारणानं माणसाला अडवणं त्यात गुन्हा आहे. हे आपल्या माणसांनी लढून मिळवलंय.

पण कायदा 'नाही' पकडतो, 'उद्या' पकडत नाही. ज्या दिवशी 'नाही' म्हणणं गुन्हा ठरलं, त्या दिवसापासून शहाण्या माणसानं 'नाही' म्हणणं सोडलं. नकाराला साक्षीदार मिळतो. उशिराला साक्षीदार कुठला? रंग, अमावस्या, मुलगा, सामान, मोजणी, सही, साहेब रजेवर. प्रत्येक कारण सुटं सुटं बघितलं तर खरं वाटतं. सगळी एकत्र बांधली की त्याची भिंत होते.

सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या आसपास भाड्याची घरं मागून बघितली. त्याचा अभ्यास २०१५ साली छापून आला. सारखीच माणसं, सारखीच नोकरी, फक्त नाव वेगळं : कधी सवर्ण, कधी दलित, कधी मुसलमान. त्यांना होकार आणि नकार यांच्यामधलंही एक उत्तर सापडलं : घर आहे, पण या अटीवर, त्या अटीवर. ते मधलं उत्तर आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. माझ्या मालकाचा चहा त्याच जातीचा.

*

आणि सरकारचं कुलूप? त्याचाही हिशेब मांडला पाहिजे, नाहीतर सगळा दोष चाळीच्या शेठवर जाईल आणि कचेरी सुटेल.

गिरण्या बंद झाल्या, जमिनी विकल्या गेल्या, टॉवर उभे राहिले. कामगारांना घरं द्यायचं ठरलं. दीड लाखाहून जास्त अर्ज आले. २०१२ साली पहिली सोडत निघाली. २०१६ सालच्या सोडतीत पनवेलजवळच्या कोन गावातली २,४१७ घरं होती. ही घरं मुळात भाड्यानं द्यायच्या योजनेत बांधलेली. १६० चौरस फुटांची दोन जोडून एक. तोच १६०चा आकडा, १९२० सालापासून आपल्या मागं लागलेला. सोडत लागली, नावं छापून आली, लोकांनी कर्जं काढून पैसे भरले. चावी मात्र नाही. २०२०च्या साथीत ती इमारत आजाऱ्यांच्या विलगीकरणासाठी घेतली. घेणं बरोबरच होतं, साथ होती. पण ती परत आली मोडतोड होऊन. मग दुरुस्ती या खात्यानं करायची की त्या खात्यानं, यात महिने गेले. कर्जाचा हप्ता मात्र कुणासाठी थांबत नाही. ताबा मिळू लागला तोवर सहा-सात वर्षं उलटली होती. ज्यांची नावं यादीत होती त्यातली किती माणसं म्हातारपणानं थकली असतील? गिरणीकामगार काय विशीत थोडाच होता?

बी. डी. डी. चाळींचंही तेच. २०१७ साली पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं, २०२१ साली काम हललं, आणि ऑगस्ट २०२५मध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या, ५०० चौरस फुटांच्या. ज्यांना मिळाल्या त्यांचा आनंद माझाही आहे. त्या चाळीत माझा बाप जन्मला होता. पण पडद्यामागं राहणाऱ्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं. यादी खोलीची निघते. माझ्या आज्याकडं पडदा होता.

*

मला आता या सगळ्यातनं एक गोष्ट कळलीय, ती सांगतो आणि थांबतो.

बडोद्याच्या दिवाणाला घाई नव्हती. शेठला घाई नव्हती. माझ्या मालकाला घाई नव्हती. घाई फक्त बाहेर उभ्या असलेल्या माणसाला असते. ज्याच्या हातात चावी त्याचा वेळ फुकट, ज्याच्या डोक्यावर बोजा त्याचा वेळ पैशानं, रक्तानं मोजलेला. गिरणीत पाच मिनिटं उशीर झाला तर आपला पगार कापतात. मग चावीला सव्वीस दिवस उशीर झाला तर मालकाचं काय कापतात?

म्हणून मित्रांनो, यापुढं खोली बघायला जाल तेव्हा चहा प्या, पण पैसे देताना पावती घ्या. पावतीवर नुसती रक्कम नको. चावी कुठल्या तारखेला देणार ते लिहून घ्या. १९९९च्या कायद्यानं भाड्याचा करार लेखी आणि नोंदवलेला पाहिजे, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकावर आहे, हेही त्याला सांगा. दर हेलपाट्याची तारीख वहीत लिहा. कोण काय म्हणालं, कुठलं कारण दिलं, ते लिहा. संघटनेच्या पोरांना दाखवा. एकाची वही म्हंजे रड. पन्नास जणांच्या वह्या एकत्र आल्या तर तो पुरावा होतो.

मी माझे सव्वीस दिवस लिहून ठेवलेत. आज्याचे चार महिने आजीला विचारून लिहून घेतलेत. तिला महिना आठवला नाही, पण बोरमाळ मोडली तो वार आठवला. मंगळवार. बाबासाहेबांनी अकरा दिवस आणि पाच तास स्वतः लिहून ठेवलेत.

आता तुमचे लिहा.